न हुंगता अत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत मी अत्तराची पेटी घेऊन बसतो. माल अत्तरासाठी नावाजलेल्या कनौजचा, पण नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला. गिऱ्हाईक आधी मनगट पुढं करतं. काचेची कांडी टेकवली, त्यानं हुंगलं, की सौदा एकतर झाला नाहीतर फिसकटला. आजकालची पोरं मोबाइलवर फोटो पाहून सेंट मागवतात आणि पसंत पडला नाही की तीच शिशी मला विकायला आणतात. त्याचं आता नवल वाटत नाही. पण दसऱ्यानंतरच्या एका बाजारात साठीचे एक काका आले, त्यांनी हात पुढं केलाच नाही.

"मले वास येत नाही भाऊ. कोरोनात गेला तो वापसच नाही आला. तूच सांग कोनतं घेऊ."

"मग घेता कायले?"

पोरासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. रोज पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चाललेली, अंगाचा औषधाचा वास गेला की राहिला ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. बायको असती तर तिनं सांगितलं असतं. "लोकं तोंडावर नाही सांगत, जराशे सरकून बसतेत."

मी स्पष्टच सांगितलं, अत्तरानं औषधाचा वास झाकला जात नाही, दोन्ही मिळून तिसराच घाण वास तयार होतो. आधी साबण लावून अंघोळ, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, मग अत्तर. त्यांनी मान डोलावली, पण उठले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या नाकानं अत्तर घेणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. ते शेजारी बसलेल्या भाजीवाल्या आजीला म्हणाले, "माय, तू घेऊन सांग."

आजीला गुलाब दिला. तिनं क्षणात निकाल लावला, "ह्याले तं तिखाडीचा वास येते. गुडघ्याले लावते ते."

मी गप्पच राहिलो. आमच्या रानात तिखाडी गवत होतं, त्याच्या तेलात जिरॅनिऑल हा वासाचा घटक भरपूर. गुलाबाच्या तेलातही तेच असतं, म्हणून गुलाबात तिखाडी मिसळायची चाल फार जुनी आहे. खरं गुलाबाचं तेल बाजारात बसून विकण्याच्या भावाचं नसतंच. आजीचं नाक माझ्या व्यापाऱ्यापेक्षा खरं निघालं.

मग मिट्टी काढलं. भाजलेली माती तांब्याच्या देगेत उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ते हे अत्तर. एक पोरगा म्हणाला, पहिल्या पावसाचा वास. काकांनी हात झटकला, "पावसाचे पैसे कायले देऊ? तो आला तं फुकट येते, नाही आला तं पैसे देऊनही येत नाही."

तिसरी शिशी खसची, म्हणजे वाळ्याची. त्याच पोरानं हुंगली न हुंगली तोच ओरडला, "अरे, हा तं कुलरचा वास!"

काका एकदम सावरून बसले. खसच्या ताट्या त्यांनी कित्येक उन्हाळे स्वतः बांधल्या होत्या. "थो मले आठवते. ओली ताटी. हेच दे."

आता माझी खरी काळजी वेगळीच होती. नाक चांगलं असलं तरी अंगावरचा वास थोड्या वेळानं स्वतःला जाणवेनासा होतो, आणि माणूस वर अजून लावत बसतो. यांना तर पहिल्यापासूनच कळणार नव्हतं. अत्तर म्हणजे तेल, स्प्रेसारखं भुर्रकन उडत नाही. म्हणून बजावलं, कापसाचा छोटा फाया करा, एका कानात ठेवा, कपड्याला लावू नका आणि वास येत नाही म्हणून पुन्हा बूच उघडू नका.

छोट्या शिशीचे एकशेवीस सांगितले. ते म्हणाले, "मले वासच येत नाही, तं भाव जरा कमी कर."

मी दहा रुपये सोडले. तशी आजी तिकडून म्हणाली, "मंग मले येते म्हनून जास्तीचे घेशीन काय रे?"