गाठ शिकवायची तर हात दिसले पाहिजेत : आमची वाटचाल

रत्नागिरीत आमचं गळ, रॉड आणि रीलचं दुकान. जोडीला आम्ही छंदी मासेमारीवर लेख लिहायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीनच्या आसपास, हे वाचून कळतं. ब्रेड (विणलेली बारीक लाइन) आणि लीडर (गळाकडचा जाड धागा) जोडणारी एफजी गाठ वाचून कळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लेखाखाली एकच प्रश्न यायला लागला: व्हिडिओ नाही का?

देवगडकडचे एक निवृत्त गुरुजी आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. पहिला व्हिडिओ बघून म्हणाले, "तुमचं तोंड नको, हात दाखवा." तेव्हापासून आमचा कॅमेरा गाठ मारणाऱ्याच्या खांद्यावरून खाली बघतो. समोरून चित्रण केलं की बघणाऱ्याचा डावा-उजवा उलटा होतो आणि वेढे चुकतात. खाली काळं, चमक नसलेलं कापड. खरी ब्रेड दिसत नाही, म्हणून आधी जाड नायलॉन दोरीवर पिवळी सुतळी गुंडाळून दाखवायची, मग खऱ्या लायनीवर.

ब्रेड ताणलेली ठेवून लीडरभोवती आलटून-पालटून वरून-खालून वीसेक वेढे, मग दोन्ही धाग्यांवर अर्ध्या गाठी, ओली करून आवळायची, लीडरचं टोक कापायचं आणि ब्रेडवर आणखी दोन-चार अर्ध्या गाठी. नीट आवळली की ब्रेडचा रंग गडद होतो. गडद झाला नाही तर वेढे बसलेले नाहीत, आणि ते पहिल्या जिताडा माशालाच सरकतात. हा रंग बदलताना दाखवायला लेखात जागाच नव्हती.

खाडीवरचं चित्रण वेगळं. वारा माइक खातो. माइकला केसाळ टोपी घालून तो लाइफ जॅकेटच्या कॉलरखाली, वाऱ्याच्या आडोशाला लावा. लेन्सवरचा खारा थेंब बाहीने पुसू नका, मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. गोड्या पाण्याने धुऊन मगच फडकं. चार्जिंगसाठी कॅमेऱ्याचं दार उघडं ठेवलं तर तो जलरोधक राहत नाही. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी खातं, म्हणून आम्ही १०८० आणि सेकंदाला ६० चित्रं घेतो. मागचे ३० सेकंद साठवून ठेवणारी सोय असलेला कॅमेरा असेल तर उत्तम, मासा लागल्यावर बटण दाबलं तरी झटका सापडतो. एसी गाडीतून उतरलात तर चित्रणाच्या अर्धा तास आधी कॅमेरा बाहेर काढा, नाहीतर काच धुरकटते.

होडीच्या इंजिनाचे व्हिडिओ किनाऱ्यावर करतो. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून निवेदन नंतर. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आउटबोर्ड (होडीच्या मागे बसवलेलं इंजिन) मफ, म्हणजे पाण्याच्या नळीला जोडलेल्या रबरी वाट्या, लावून गोड्या पाण्यावर चालवा, बाजूने पाण्याची धार येते का बघा. पाणी न लावता सुरू केलंत तर पंपाची रबरी चक्की लगेच जळते.

आता आमचे व्हिडिओ उचलणाऱ्या एका दुकानाबद्दल. नाव घेत नाही, शेजारच्याच तालुक्यातलं आहे. आमचा गाठीचा व्हिडिओ आणि जिताड्याचा झटका त्यांनी आरशासारखा उलटा करून, कोपऱ्यात आपला शिक्का लावून टाकला. आमच्या रीलचा दांडा डावीकडे, त्यांच्यात उजवीकडे. वर रॉड आमच्यापेक्षा स्वस्त. गिऱ्हाइकं आम्हालाच विचारायची, "त्यांचा व्हिडिओ चोरलात?" यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार केली, व्हिडिओ उतरला. त्यांनी प्रतिनोटीस, म्हणजे आमची तक्रार चुकीची असल्याचा उलटा दावा, दिली. तिथला नियम असा, की तक्रारदाराने १० कामकाजाच्या (अमेरिकेतल्या) दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर व्हिडिओ परत येतो. वकिलाची फी आमच्या हंगामाच्या नफ्याबाहेर. व्हिडिओ परत आला. ऑक्टोबरनंतरचा ऐन हंगाम तसाच गेला, माल पडून, बँकेचा हप्ता थकलेला, दुकान विकायची बोलणीही झाली होती. गुरुजींनी मित्रमंडळींच्या ऑर्डरी आगाऊ पैशासकट पाठवल्या, म्हणून शटर वर राहिलं. नंतरची वर्षं ठीक गेली.

त्यानंतर आम्ही दुकानाचं नाव कापडावरच भरतकामाने शिवून घेतलं, अगदी हातांखाली. कोपऱ्यातला शिक्का कापता येतो, हे कापता येत नाही, आणि उलटं केलं तर अक्षरं उलटी दिसतात. मूळ फाइली कार्डवरून काढल्या की दोन ठिकाणी ठेवा. चॅनेलचे मालकीहक्क एकाच माणसाच्या ईमेलवर नकोत. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा टेबलावरचं चित्रण संपवून घ्या.

त्यांचा व्हिडिओ अजून आहे. त्यात नवव्या वेढ्यानंतर चित्र कापलेलं आहे, म्हणून तो बघून गाठ मारलेली माणसं सुटलेली लीडर घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही पुन्हा दाखवतो. ब्रेड मात्र आमच्याकडूनच घ्यायला लावतो.