फळ्यांखालचा सदरा

"आई, हे इतकी वर्षं कुणी जपून ठेवलं?" लेकीने काचेला नाक लावून विचारलं. आत नुसत्या चिंध्या.

"उंदरांनी," मी म्हणाले. तिला वाटलं, मी थट्टाच करतेय.

पण ते खरं आहे. सिडनीच्या हाइड पार्क बराकीत लाकडी जमिनीच्या फळ्यांखाली उंदरांनी कापडाचे तुकडे ओढून नेले, घरटी केली, म्हणून ते उरले. एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कैद्याचा सदराही फळ्यांखालीच सापडला. त्याच्यापुढून माझा पाय निघेना.

१८१९ ते १८४८ इथे ब्रिटनमधून हद्दपार केलेले कैदी राहायचे. रात्री शेजारी-शेजारी टांगलेल्या झोळ्यांत झोपायचं, दिवसा सरकारी कामावर. बऱ्याच जणांचा गुन्हा किरकोळ चोरीचा. शिक्षा ७ वर्षं, १४ वर्षं, नाहीतर जन्मभर. मुदत संपली तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने काढायचं. म्हणजे बहुतेकांना घर पुन्हा दिसलंच नाही.

ही इमारत रचणारा फ्रान्सिस ग्रीनवेसुद्धा कैदीच, बनावट दस्तऐवज केल्याबद्दल इथे पाठवलेला. त्याला माफी मिळाली, पुढे १० डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्रही आलं.

सदरेवाल्याचं काय? त्याला त्याची आई काय म्हणून हाक मारत असेल?