हायब्रीड नाही ओ, जवारी हाय

आमच्या बेळगावात बाजारातल्या वस्तूंचे दोनच प्रकार, एक जवारी आणि दुसरा हायब्रीड. पुण्यामुंबईकडं ज्याला गावरान किंवा गावठी म्हणतात ते आमच्याकडं जवारी, आणि हा शब्द मराठी बोलणारा पण वापरतो, कन्नड बोलणारा पण वापरतो, त्यामुळं गणपत गल्लीत भाजीवालीनं "जवारी हाय बघा" म्हटलं की ती घरात कुठली भाषा बोलते हे कळत नाही, फक्त भाव वाढवून सांगणार एवढं कळतं. जवारी टमाटे, जवारी काकडी, जवारी लसूण, जवारी कोथिंबीर, जवारी कोंबडी. आणि जे जवारी नाही ते सगळं हायब्रीड, मग ते खरंच हायब्रीड असो नसो.

हा इंग्रजी शब्द आपल्याकडं इतका मुरलाय की शाळेचं तोंड न बघितलेली म्हातारी माणसं पण तो बिनचूक बोलतात. सरकारी पत्रकात "संकरित" असतं, पण संकरित टमाटे द्या असं बाजारात म्हणून बघा, बाई आधी तुमच्या तोंडाकडं बघेल. हायब्रीड म्हणजे काय हे मात्र दहा जणांना विचारा, दहा उत्तरं येतात. कोण म्हणतो खत घालून वाढवलेलं, कोण म्हणतो इंजेक्शन दिलेलं, कोण म्हणतो चव नसलेलं, आणि आमच्या गल्लीतले एक काका सरळ म्हणतात, "हायब्रीड म्हणजे डुप्लिकेट रे."

तर हे असं का झालं, तर माझ्या मते सगळं ज्वारीमुळं झालं. १९६४ साली सीएसएच-१ नावाची ज्वारी आली, भारतातली पहिली हायब्रीड ज्वारी. त्यातली मादीकडची ओळ (म्हणजे एकसारखं केलेलं वाण) अमेरिकेतली, नरवंध्य, म्हणजे जिचं स्वतःचं परागकण चालत नाही, त्यामुळं शेजारी लावलेल्या दुसऱ्या वाणाचं परागकण तिला घ्यावंच लागतं आणि शेताच्या शेत संकरित बी तयार होतं. बुटकं ताट, लवकर येणारी, आणि उतारा असा की जुन्या लोकांनी तसला कधी बघितलाच नव्हता. गावोगाव त्या ज्वारीचं नावच "हायब्रीड" पडलं. वाण नाही, जात नाही, नुसतं हायब्रीड. "यंदा काय पेरलंय?" "हायब्रीड." अजूनही जुन्या माणसांच्या तोंडात हायब्रीड म्हणजे तीच ज्वारी.

पण त्याच्यात गोम अशी होती की जुनी खरीप ज्वारी दिवस लहान व्हायला लागले की मग फुलायची, तोवर पाऊस ओसरलेला असायचा आणि दाणा कोरड्यात भरायचा. ही लवकर येणारी, म्हणजे कणसात दाणा भरतोय आणि वरनं पाऊस चालूच. दाण्याला बुरशी, दाणा काळा. त्याची भाकरी कशी होती हे खाल्लेल्यांनाच विचारा, ते अजून तोंड वाकडं करूनच सांगतात. वर ताट बुटकं म्हणून कडबा कमी, म्हणजे माणसाचं पोट भरलं पण बैल उपाशी. आणि मग ७२ चा दुष्काळ, त्यात बाहेरनं आलेली तांबडी मिलो ज्वारी खायची पाळी आली, ती वेगळीच भानगड, पण लोकांच्या डोक्यात मिलो आणि हायब्रीड एकाच पोत्यात गेली. (गंमत म्हणजे त्या अमेरिकेतल्या ओळीत जो नरवंध्यपणाचा गुण होता तो मिलोकडनंच आलेला, म्हणजे म्हाताऱ्यांचा घोळ अगदीच घोळ नव्हता.) तिथनं हायब्रीड या शब्दाला जो वास चिकटला तो अजून गेलेला नाही. पोट भरणारं पण बेचव, दिसायला बरं पण दम नसलेलं. अथणीकडची माणसं आजही शाळू म्हणजे मालदांडी सोडून दुसऱ्या ज्वारीला ज्वारी मानत नाहीत, आणि रब्बीत अजून तरी हायब्रीडला तिची जागा घेता आलेली नाही, तेव्हा तिथं हट्टापेक्षा अनुभव जास्त आहे.

मग हाच शब्द माणसांवर आला. पोरगं जरा पावसात भिजून आजारी पडलं की हायब्रीड, जिना चढून धाप लागली की हायब्रीड, "आमची हाडं जवारी, तुमची हायब्रीड" हे तर प्रत्येक घरातलं वाक्य. इथवर ठीक आहे, चेष्टा आहे. पण आमच्या भागात आई कन्नड आणि बाप मराठी, किंवा उलटं, अशी घरं काय कमी आहेत काय, आणि त्या पोरांना पण हसत हसत हायब्रीड म्हणणारे लोक आहेत, ते मला अजिबात आवडत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बघितला तर अजूनच विचित्र वाटतं. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू, त्याला रोमन लोक हा शब्द वापरायचे, आणि नंतर रोमन बाप आणि परकी आई असलेल्या पोरालाही तोच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची माणसंसुद्धा आपल्या गल्लीतल्या माणसांसारखीच होती. आपला "संकर" तरी कुठं सोवळा आहे म्हणा, वर्णसंकर म्हणून गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन घाबरून बसलाय.

आता खरं हायब्रीड म्हणजे काय ते सांगतो, कारण ते दम नसलेल्याच्या बरोबर उलट आहे. दोन वेगळ्या ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळ पिढ्यानपिढ्या स्वतःशीच जुळवून एकसारखी केलेली, आणि मग त्यांचा एकमेकींशी संकर करायचा. एका ओळीत जी कमजोरी असते ती दुसरी झाकते आणि पहिल्या पिढीचं झाड आईबापापेक्षा जोमदार निघतं. बियाण्याच्या पाकिटावर एफ-१ लिहिलेलं असतं ते हेच, पहिली पिढी. तो जोम हाच हायब्रीडचा सगळा मुद्दा, आणि आपण शिवी देतो ती अशक्तपणाची.

आणि हे कुठं लांब अमेरिकेत झालं असं नाही, कापसातलं मोठं काम तर आपल्या धारवाडला झालंय. १९७२ ला तिथल्या संशोधन केंद्रातनं वरलक्ष्मी कापूस आला. अमेरिकन कापसाची लक्ष्मी जात आणि इजिप्तकडच्या लांब धाग्याच्या कापसाच्या गटातली एक जात, यांचा संकर बी. एच. कटारकींनी केला. दोन वेगळ्या प्रजातींचं हायब्रीड शेतकऱ्याच्या शेतात आणणं ही साधी गोष्ट नाही. आणि कापसात ज्वारीसारखं वाऱ्यावर सोडून भागलं नाही, सगळं हातानं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी सोलायची, आतले पुंकेसर नखानं काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून तिच्यावर घासायचं. एकेका फुलाला. राणेबेन्नूरकडं भाजीच्या हायब्रीड बियाण्याचं असंच काम चालतं, टमाटे, मिरची, भेंडी, आणि ते करणाऱ्या बहुतेक बायका. पाकीट उघडल्यावर मूठभर बी बघून "एवढंसं आणि एवढं महाग" म्हणतो ना आपण, त्या मुठीतलं एकेक बी अशा कुणाच्या तरी बोटातनं आलेलं असतं.

एक गोष्ट मात्र हायब्रीडच्या विरोधात खरी आहे आणि ती चवीची नाही. जवारी वांग्याचं बी तुम्ही राखेत घोळवून डब्यात ठेवता, पुढच्या वर्षी लावता, तेच वांगं येतं. हायब्रीडचं बी ठेवलंत तर दुसऱ्या पिढीत सगळं फुटतं, एक झाड आज्यावर, एक आजीवर, एक कुणावरच नाही, आणि तो जोम पण गेला. म्हणजे दरवर्षी दुकानात जाणं आलं. आमच्या आजीच्या वयाच्या बायकांकडं बियांची गाडगी असायची, कुणाच्या घरी कुठलं बी चांगलं हे गावाला माहीत असायचं, लेक सासरी जाताना बी घेऊन जायची. ती सगळी सत्ता गाडग्यातनं पाकिटात गेली. भांडायचंच असेल तर माणसांनी यावर भांडावं, पण भांडण चालतं ते टमाट्याच्या सालीवर.

सालीचं पण ऐका की. हायब्रीड टमाट्याची साल जाड का, तर कडोलीहून ट्रकमध्ये घातलेला माल गोव्यात उतरेपर्यंत फुटू नये म्हणून कुणीतरी तशी जात निवडली. चव कमी झाली ती संकर केल्यामुळं नाही, चव कुणी मागितलीच नाही म्हणून. उद्या चवीसाठी निवड केली तर चविष्ट हायब्रीड पण येईल. आणि जवारी टमाटा म्हणून आपण ज्याच्यासाठी जादा पैसे देतो तो तरी कुठला इथला, टमाटे, मिरची, बटाटा सगळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजूचं, पोर्तुगीज वगैरे लोकांबरोबर आलेलं.

संकेश्वरी मिरचीचं दुःख मात्र वेगळं आहे. ती आपल्या हुक्केरी तालुक्यातली, गडहिंग्लजकडं पण पिकते, कोल्हापूरच्या बाजारात तिचं नावच जवारी मिरची. लांब, बारीक, सुरकुतलेली, आणि चटणी घरात कांडली तर शेजारची पण खोकतात. भाव चांगला मिळतो तरी शेतकरी कमी होत चाललेत, कारण उतारा कमी आणि रोग पडला की हातात काही राहत नाही. हायब्रीड लावणाऱ्याला शहाणपण शिकवणारे आपण शहरातले लोक, दुकानात तिचा भाव ऐकला की "पावशेरच द्या" म्हणतो.

बरं, ज्याला आपण हायब्रीड किंवा जवारी म्हणतो त्यातलं निम्मं तसं नसतंच. खानापूरकडच्या इंटान भाताला कित्येक जण हायब्रीड म्हणतात, ते इंडोनेशियाकडनं आलेलं साधं वाण आहे, त्याचं बी घरचं ठेवता येतं. उलट रस्त्याकडेला जवारी म्हणून विकली जाणारी रंगीत कोंबडी बऱ्याचदा गिरिराज निघते, ती बेंगळूरच्या विद्यापीठात संकर करून काढलेली. गाईंचं तर विचारूच नका. खिल्लार म्हणजे देशी आणि जर्सी म्हणजे हायब्रीड असा हिशोब असतो, पण जर्सी ही त्या नावाच्या बेटावरची शेकडो वर्षांची शुद्ध जात आहे, हायब्रीड आपण केली, इथल्या गाईला जर्सीचं रेतन करून. आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली गाय, जिला आता देशी म्हणून वाचवायची धडपड चालू आहे, ती एकोणिसाव्या शतकात सांगलीच्या पटवर्धनांसारख्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, म्हैसूरकडची जनावरं एकत्र करून मुद्दाम घडवली, काळ्या चिकट रानात नांगर ओढायला. दीडेकशे वर्षं थांबा, सगळं जवारी होतं.

हल्लीचे अर्थ तर आणखीनच. बेंगळूरला आयटीत असलेल्या भाच्यानं घरी सांगितलं की आमचं ऑफिस आता हायब्रीड झालंय, तर आत्याचा चेहरा पडला, "म्हंजे पर्मनंट नाही काय रे?" तिला वाटलं नोकरीत पण जवारी-हायब्रीड आलं. काही दिवस घरातनं, काही दिवस ऑफिसातनं, असं समजावलं तर म्हणाली, मग त्याला अर्धवट म्हणा की. गाडीचं पण तसंच, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रीड कार, ती मात्र महाग असल्यामुळं तिथं कुणी तोंड वाकडं करत नाही.

आणि सगळ्यात मोठं हायब्रीड आमच्या जिल्ह्यात सगळीकडं उभं आहे, ते म्हणजे ऊस. रायबाग, चिक्कोडी, अथणी, गोकाक, जिकडं बघाल तिकडं ऊस, आणि त्याला हायब्रीड म्हणताना मी आजवर एकालाही ऐकलेलं नाही. १९१२ ला कोइमतूरला जाड गोड ऊस आणि रानात वाढणारं उसाच्या कुळातलं गवत यांचा संकर झाला, त्यातनं को-२०५ निघाला, आणि पुढं तिथनं एकावर एक संकर होत गेले. आज ज्याला शेतकरी नुसतं "शहाऐंशी बत्तीस" म्हणतात तो को-८६०३२ पण तसाच, को-६२१९८ आणि कोसी-६७१ यांचा पोरगा. जोम बघा, गोडी बघा, खोडवा बघा. फरक एवढाच की ऊस बियानं लावत नाहीत, कांडीनं लावतात, म्हणून पहिल्या पिढीचं झाड तसंच्या तसं पुढं जात राहतं, दुकानात जावं लागत नाही, शेजाऱ्याच्या रानातनं बेणं आणलं तरी भागतं. बहुतेक म्हणूनच तो कुणाला परका वाटला नाही.

त्याच उसाचा गूळ निघतो, आणि केमिकल कमी घालून केलेला, जरा काळपट असला की आमच्याकडं त्याला जवारी गूळ म्हणतात. मी पण तोच घेतो, चहाला फार छान लागतो.