नौतप्यातला सातवा महिना

नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ तापलेले दिवस, लागतो 25 मेच्या सुमाराला, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की. आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मात्र लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, त्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते. पारा 45 वर गेला तरी ग्वाल्हेरात कुणी दचकत नाही. पण वाड्यात एखादी पोटुशी बाई असली की सगळ्यांना उन्हाळा एकदम जाणवायला लागतो. समोरच्या काकू आंबा उष्ण म्हणून ताटलीच उचलून नेतात (आणि मग स्वतः खातात), आत्याबाई सब्जा भिजवून पाठवतात. सासूबाईंचा पहारा फ्रिजवर. "मटक्यातलं पी गं, बाळाला सर्दी होईल!"

सर्दी कशी होईल? बाळ आहे आईच्या अंगाइतक्याच उबदार पाण्यात. गार घोट माझ्या पोटातच कोमट होतो. उलट बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच असतं. ती जास्तीची ऊब ते माझ्या रक्तात सोडून मोकळं होतं. वाढून जवळजवळ दीडपट झालेलं ते रक्त ती कातडीपर्यंत आणतं, आणि घाम वाळला की ती बाहेर पडते. थोडक्यात, सध्या मी कुणाचातरी कूलर आहे.

आणि कूलरचे नियम मलाही लागू. टाकीत पाणी हवंच. ते कमी पडलं की लघवी गडद होते, कधी पोटही आवळून येतं. म्हणून तहानेची वाट न बघता ताक, पन्हं, साधं पाणी चालूच. दुसरं, हवा खेळती हवी. आमचे हे कूलर लावतात आणि 'गारवा बाहेर जाईल' म्हणून खिडक्या घट्ट बंद करतात. मग खोलीत दमट वाफारा कोंडतो, घाम वाळतच नाही. "अहो, एक खिडकी उघडा," हे रोजचं. लाईट गेली, कूलर बंद पडला आणि इन्व्हर्टरवर नुसता पंखा उरला, तर तो भर दुपारी लूच अंगावर फेकतो. अशा वेळी मानेवर, हातांवर ओला पंचा ठेवायचा. मग तोच पंखा गोड लागतो.

पावलं सुजून जोडवी रुतायला लागली, ती काढून ठेवली. त्यावर कुणी काही बोललं नाही. खरा वाद डोहाळजेवणाचा. मे महिन्यात, भर दुपारी, हिरवी पैठणी! मी म्हटलं, चंदेरी साडी आपल्याच जुन्या ग्वाल्हेर संस्थानातली, वाऱ्यासारखी हलकी, तीच नेसते, आणि कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवू. वेळेचं पटलं. साडीचं अजून सासूबाईंच्या विचाराधीन आहे. दागिने मात्र मोगऱ्याचे ठरलेत, आणि फुलं टवटवीत राहावीत म्हणून त्यांच्यावर सारखं पाणी शिंपडावं लागतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.