खिडकीतली डोकी

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी 'नेटवर्क' दुसऱ्यांदा पाहिला. १९७६ चा सिनेमा. कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा त्यातला एकच प्रसंग डोक्यात राहिला, जो सगळ्यांच्याच राहतो. पायजम्यावर ओला रेनकोट चढवून आलेला वृत्तनिवेदक हॉवर्ड बील लोकांना सांगतो, उठा, खिडकी उघडा, डोकं बाहेर काढा आणि ओरडा, की आता माझं डोकं फिरलंय, यापुढे हे खपवून घेणार नाही. बाहेर विजा कडाडतायत आणि न्यूयॉर्कच्या खिडक्याखिडक्यांतून माणसं खरंच ओरडायला लागतात. अंगावर काटा आला होता. होस्टेलच्या खिडकीतून आम्हीही ओरडून पाहिलं होतं, खालून वॉचमनने शिव्या घातल्या.

आज मात्र लक्ष डायनाकडेच जात होतं. फे डनावेची डायना, वाहिनीवर कार्यक्रम ठरवणारी. बील बोलत असताना ती विचारतेय, अटलांटात ओरडतायत का लोक? ओरडतायत म्हटल्यावर तिला जो आनंद होतो! घबाड हाती लागल्याचा आनंद. ओरडणाऱ्यांचं म्हणणं काय, हा प्रश्न तिच्या मनाला शिवतसुद्धा नाही. खरं तर बीललाही ते ठाऊक नाही. काय करायचं ते मला माहीत नाही, आधी चिडा तर, असंच तो म्हणतो.

पुढे त्याचा कार्यक्रमच होतो. त्यात एक भविष्य सांगणारी बाईही असते. आणि स्टुडिओतले प्रेक्षक सुरुवातीलाच ते वाक्य एका सुरात म्हणतात, आरतीसारखं. पहिल्या वेळी मला हे कसं दिसलं नाही?

दिग्दर्शक सिडनी लुमेट आणि लेखक पॅडी चायेफ्स्की, दोघेही १९५० च्या दशकातल्या थेट प्रक्षेपणाच्या टीव्हीत घडलेले. घरातलाच माणूस बोलतोय हे कळतं. क्रांतीची भाषा करणारी कम्युनिस्ट बाई वितरणाच्या खर्चावरून करारातल्या कलमांसाठी घसा फोडते, तो प्रसंग बाहेरच्याला सुचलाच नसता. प्रकाशयोजनाही लबाड आहे: सुरुवातीला साधी, खरी वाटणारी, आणि शेवटाकडे सगळं जाहिरातीसारखं गुळगुळीत. शेवटी बीलला मारायचं ठरतं तेही ऑफिसातल्या नेहमीच्या मीटिंगसारखं. कारण काय, तर रेटिंग पडलं. (बीलचं काम करणारा पीटर फिंच बिचारा ऑस्कर घ्यायला उरला नाही, जानेवारी १९७७ मध्येच गेला. पुरस्कार मरणोत्तर मिळाला.)

त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. आणीबाणी चालू होती. बाबा म्हणतात, तेव्हा चाळीत एकच टीव्ही, आणि बातम्यांत सगळं छानच चाललेलं असायचं. इथल्या टीव्हीवाल्यांना भीती सरकारची, तिकडच्यांना बाजाराची. बाबांच्या पिढीला हा सिनेमा तेव्हा दाखवला असता तर वाटलं असतं, निवेदक चिडतो म्हणजे काय? त्याला परवानगी कोणी दिली?

एका भाषणात बील म्हणतो, टीव्ही बंद करा, आत्ता, माझं हे वाक्य अर्धवट असतानाच बंद करा. आणि कोसळतो. स्टुडिओत टाळ्यांचा कडकडाट. मीही बंद केला नाही म्हणा, पुढे काय होतं ते बघायचं होतं.

रात्री जेवून बाहेरच्या खोलीत गेले तर बाबांची चर्चा चालू. पडद्यावर आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत एक डोकं आणि आठही डोकी एकदम ओरडतायत. मला हसूच आलं.

"काय झालं?"

"काही नाही. बाबा, बंद करू का? औषध घ्यायचंय तुम्हाला."

"थांब गं, आत्ता कुठे रंगात आलंय."

पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि मीही टेकले जरा. उठले तेव्हा पावणेअकरा वाजले होते.