आजीच्या ओव्या ग्रीनस्टोनमध्ये : दोन वह्या झाल्या

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चार वह्या ग्रीनस्टोनमध्ये टाकून राहिलो न, त्यातल्या दोन झाल्या एकदाच्या. नवीन मंडळींसाठी सांगतो, ग्रीनस्टोन म्हणजे न्यूझीलंडच्या वायकाटो युनिव्हर्सिटीत तयार झालेलं, कागदपत्रांचा शोधता येईल असा डिजिटल संग्रह बनवायचं सॉफ्टवेअर, जीपीएल म्हणजे मुक्त लायसन्सचं, २००० साली युनेस्कोनं ते पसरवायला हात दिला, आणि नेट नसलं तरी घरच्या लॅपटॉपवर चालतं म्हणून मी हेच धरलं. डीस्पेस हे असंच दुसरं सॉफ्टवेअर संस्थांसाठी उत्तम, पण चार वह्यांसाठी पसारा फार होतो.

नागपूरच्या उन्हात दुपारी कुठं जाणार, कूलरसमोर बसून ३०० डीपीआयला स्कॅन केलं. शाई मागच्या पानावर उतरली होती, पानामागं काळा कागद ठेवला तर मागची अक्षरं दिसेनाशी झाली, हे नक्की करून बघा. टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टेक्स्ट करणारा प्रोग्रॅम, छापील मराठी वाचतो पण आजीचं अक्षर त्याला झेपलं नाही, म्हणून आई वाचायची, मी टाइप करायचो, मी ड्यूटीवर असलो की ती फोनवर टाइप करायची. ग्रीनस्टोनमध्ये पानापानाचे स्कॅन घेणारं पेज्ड इमेज प्लगिन आहे, त्याच्या आयटम फाइलमध्ये, म्हणजे पानांच्या यादीत, दर पानाला एक ओळ, त्यात स्कॅनचं नाव नि टेक्स्टचं नाव, मग दोन्ही एकाच पानावर जुळून येतात.

एनरिचमध्ये, म्हणजे ग्रीनस्टोनमध्ये वहीची माहिती भरायच्या जागी, क्रिएटर (रचणारा) भरताना मात्र अडलो. आजी म्हणायची, मायकडून ऐकल्या, मी फक्त लिहिल्या. म्हणून क्रिएटर रिकामं ठेवलं नि आजीचं नाव काँट्रिब्युटरमध्ये (हातभार लावणारा) घातलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सर्चनं. "सासऱ्या" शोधलं तर चारच ओव्या, वहीत नऊ! आई म्हणे, "काहून रे, मी तर सगळ्या टाकल्या होत्या." तिच्या फोनवर हा ऱ्य साधा र, हलंत नि मधे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, असा पडत होता, माझ्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये नुक्त्याचा ऱ नि हलंत, दिसायला दोन्ही सारखेच पण इंडेक्ससाठी, म्हणजे सर्च ज्या शब्दयादीत बघतं तिच्यासाठी, शब्द वेगळे. सगळ्या टेक्स्ट फाइलींत पहिलं बदलून दुसरं केलं, कलेक्शन परत बिल्ड केलं, नऊच्या नऊ आल्या!

आता आईनं फोनवरून शोधलं तरी सापडावं म्हणून सर्चच्या डब्यातही तोच बदल करायचा आहे, तो कोणी केला असेल तर सांगा भाऊ. तिसऱ्या वहीचं स्कॅनिंग रविवारपासून.