तुम्ही विचारलंत म्हणून: झाकणाची गोष्ट

लग्न असो, मुंज असो, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझी शेड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "काय बनवता?" मायक्रोफ्लुइडिक चिप. "म्हणजे मोबाइलची?" नाही हो, थेंबभर द्रव बारीक नळीतून नेऊन तपासायची. मग मी खिशातली चिप काढून दाखवतो आणि खरा प्रश्न येतो: "ही तर ॲक्रिलिकची पट्टी, मधे एक चर. यात अवघड काय?"

गेल्या महिन्यात मामांनी पंगतीत हेच विचारलं. तिथे मठ्ठा पिऊन वेळ मारून नेली, म्हणून इथे सांगतो.

चर पाडणं अवघड नाहीच. जीव काढतं ते झाकण.

हा चर साधारण केसाएवढा, 100 मायक्रॉनच्या आसपास. त्यातून रक्ताचा किंवा औषधाचा थेंब न्यायचा असतो. वरून बंद केला तरच त्याची नळी होते.

कॉलेजातली संशोधक मुलं बहुतेक पीडीएमएसपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. हे एक प्रकारचं सिलिकॉन रबर. मूळ द्रव 10 भाग, हार्डनर 1 भाग. घुसळलं की ताकासारखा फेस येतो, तो व्हॅक्यूममध्ये ठेवून काढायचा, साच्यावर ओतायचं आणि 70 अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवायचं. खरवसाची वडी सुटावी तसं सुटून येतं. झाकणाचीही कटकट नाही: ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला ऑक्सिजन वायू) दिलेलं पीडीएमएस काचेवर टेकवलं की कायमचं चिकटतं. एकदा मात्र माझी वडी दोन दिवस चिकटच राहिली. मी ओव्हनला शिव्या घालत होतो, आणि दोष माझ्या लॅटेक्सच्या हातमोज्यांचा निघाला. त्यातलं गंधक रबर घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमला निकामी करतं.

मग तेच का विकत नाही? एक तर एकेक ओतत बसावं लागतं. दुसरं म्हणजे तेलकट स्वभावाचे छोटे रेणू पीडीएमएसमध्ये मुरतात, प्लास्टिकच्या बरणीत लोणच्याचा वास मुरतो तसे. औषधाची चाचणी करताना किती औषध पेशींपर्यंत गेलं आणि किती भिंतीने खाल्लं, सांगता येत नाही.

म्हणून ॲक्रिलिक. हजारोंनी लागणार असतील तर इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणं, पण नुसत्या डायचा, म्हणजे त्या साच्याचा, खर्च ऐकून गिऱ्हाईक परत जातं. पन्नास-शंभर नगांसाठी कार्बन डायऑक्साइड लेझर पुरतो. लेझर चर पाडतो, पण वितळलेलं ॲक्रिलिक दोन्ही काठांवर साचून बारीक बांध उभा राहतो. दिसत नाही, नखाला लागतो. तेवढ्यावर झाकण अधांतरी राहतं. पाणीपेपर घेऊन घासत बसायचं, दुसरा इलाज नाही.

चिकटवायचं कसं, ते सातपूरच्या एका पाट्या बनवणाऱ्याकडे शिकायला गेलो. तो ॲक्रिलिकची अक्षरं क्लोरोफॉर्मने चिकटवतो. सुईने फटीला थेंब लावला की तो आपोआप आत पसरतो. अक्षराला झकास. माझ्या चिपमध्ये तोच थेंब चरात शिरला आणि भिंती विरघळवून मोकळा झाला. शेवटी गरम प्रेसवर आलो. ॲक्रिलिक 105 अंशांच्या सुमाराला मऊ पडतं. थोडं जास्त तापलं की चर दबून बुजतो, थोडं कमी पडलं की झाकणाचा कोपरा उचलतो. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद, आणि शीटचा लॉट बदलला की ती सरकते.

एवढं जमवून पहिल्या 20 चिप एका विद्यार्थिनीला दिल्या. तिने स्पिरिटने पुसल्या आणि संध्याकाळी फोन: "सर, सगळ्यांना तडे गेलेत." चूक तिची नव्हती. लेझरने काठांवर ताण राहतो, स्पिरिट लागलं की तो तड्यांच्या जाळीतून बाहेर पडतो. मी पट्ट्या भाजल्याच नव्हत्या. आता लेझरनंतर काही तास 80 अंशांवर ठेवतो आणि ओव्हनमध्येच सावकाश निवू देतो.

सगळ्यात शेवटी रविवार कारंजावरून आणलेला खायचा लाल रंग चरात भरून चिप रात्रभर ठेवतो. सकाळी रंग चरातच असेल तर पॅकिंग. कालच्या 12 पैकी 9 पास झाल्या.